फोडणीचा वास

बेबीनंदानं गवारीच्या भाजीला लसणाची फोडणी दिली, तशी सोनूबाई न्हाणीतून ओल्या हातानंच धावत आली. पदरानं धरून कढई तिनं चुलीवरून खाली ओढली, वर परात पालथी घातली आणि मागचं दार उघडून सुपानं धूर बाहेर हाकलायला लागली. सून बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून सासूनं तिच्या पुढ्यातलं भांडं असं कधी ओढलं नव्हतं.

“जळाली न्हाई, आत्याबाई. आत्ताच टाकल्ती.”

“जळाली आसती तर बरं व्हतं,” सोनूबाई दबक्या आवाजात म्हणाली. “तिकडं ओसरीवर मानूस पडलंय. त्येच्या घशाखाली दुधाचा चमचा उतरंना, आन् तू घरभर लसूण परतून राह्यली. घसा बंद झालाय त्येचा, नाक न्हाई.”

बेबीनंदालाही झोंबलं. मामंजींचं दुःख काय तिला नव्हतं? पण तिचा नवरा पहाटेपासून उन्हात नांगर धरत होता. त्याच्या भाकरीबरोबर रोज बिनफोडणीचं वरण किती दिवस वाढायचं, असं तिनं विचारलं. सोनूबाईनं वाढायचंच म्हणून सांगितलं. सुनेनं उलट उत्तर दिलं, सासूनं त्याच्यावर चढवलं. पण झालं ते सगळं भांडण कुजबुजीत झालं. दोघींचा एक कान ओसरीकडं होता. शेवटी सोनूबाईनंच तोड काढली. मागं गोठ्यात तीन दगड मांडायचे, भाजी तिथं करायची आणि तिथंच खायची. घरातल्या चुलीवर फक्त दूध तापवायचं.

चौऱ्याण्णव सालचा उन्हाळा होता तो. अंबडच्या खालच्या अंगाला काळ्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या की शेळीचं करडू पाय अडकून ओरडत बसावं. दुपारी शहागडच्या बाजूनं वावटळ उठायची, गावावरून जायची आणि मागं नुसता फुफाटा ठेवायची.

सोनूबाईचा नवरा कडूबा. साठीला आलेला, उंच, हाडापेरानं मोठा माणूस. खाणं ही त्याची हौस होती. फार लागायचं असं नाही, पण जे असेल ते चवीनं. बांधावर बसून कांदा बुक्कीनं फोडायचा, मिरची मिठात बुडवायची आणि खाताना डोळे मिटायचे. कुणी पाहुणा आला की त्याला आधी मळ्यात न्यायचा, काकडी तोडून द्यायचा आणि तो खाईस्तोवर तोंडाकडं बघत बसायचा.

दिवाळीनंतर त्याची भाकरी घशात अडायला लागली. आधी घासागणिक पाणी प्यायचा. मग आमटीत कुस्करून खायला लागला. संक्रांतीपर्यंत तेही उतरेना. मच्छिंद्रानं, म्हणजे त्याच्या पोरानं, औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवलं. डॉक्टरनं पोराला बाहेर घेतलं, अन्ननळीत गाठ आहे, लई पुढं गेली आहे, असं सांगितलं. घरी न्या आणि जे उतरेल ते द्या, म्हणाले. परत येताना एसटीत मच्छिंद्र बापाच्या शेजारी बसला नाही. पुढच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत आला.

घरी आल्यावर कडूबा दोन दिवस पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उठला आणि मळ्यात गेला. विहिरीच्या कडंला बसून सरकत सरकत त्यानं वाफे केले. गवार, वांगी, मिरच्या लावल्या, काकडीचे वेल सोडले. सगळे नको म्हणत होते. हे खाणार कोण, असा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता, पण विचारायला कुणाची जीभ रेटली नाही. चैत लागला तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता आणि वाफे असे लगडले होते की रोज टोपलंभर माल निघायचा. बांधावरच्या आंब्यालाही त्या साली कैऱ्यांचे घोसच्या घोस.

सोनूबाई सकाळी ते टोपलं घेऊन मागच्या दारानं यायची आणि परस्पर गल्लीत वाटून टाकायची. घरापुरती चार वांगी, मूठभर गवार ठेवायची. गोठ्यात शेणाच्या वासात भाजी व्हायची. बैलाकडं तोंड करून तिघं घाईनं जेवायची, ओठ पुसायची, तोंडात बडीशेप टाकायची आणि मग ओसरीवर यायची. चोरी केल्यासारखं वाटायचं तिला. एकदा ती जवळ वाकली तर कडूबानं तिच्या तोंडाकडं रोखून बघितलं आणि तिनं मान फिरवली.

हे असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक, पण एक दिवस शेजारची कांताबाई बघायला आली. भोळी बाई. आजाऱ्यापाशी चांगलं बोलावं म्हणून ती त्याच्या मळ्याचं कौतुक करायला लागली. तुमच्या गवारीनं समदी गल्ली जेवून धाली म्हणाली. काकडी तर अशी निघाली की पोरं मिठाचीसुदिक वाट बघत न्हाईत. कडूबाचा चेहरा उजळला. मग त्यानं हळूच विचारलं, आमच्या घरात काय केलं गवारीचं? कांताबाई बोलून गेली, की त्या बिचाऱ्या गोठ्यातच रांधून खातात, तुम्हाला वास जाऊ नये म्हणून.

कांताबाई गेल्यावर त्यानं बायकोला बोलावलं. आवाज पार बसला होता, फुटक्या बासरीतून वारा निघावा तसा.

“मच्छिंद्राची माय, आपल्या घरात कोन मेलंय?”

सोनूबाईला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती खांबाला टेकली. आपल्याकडं मयताच्या घरी दिवस होईस्तोवर फोडणी देत नाहीत.

“मी जित्ता हाये अजून,” तो म्हणाला. “आन् तुमी फोडणी बंद केली. मला पोचवून आल्यात समदे?”

“तुमाला तरास नको म्हून केलं ओ.”

“वास आल्याचा तरास न्हाई. येत न्हाई त्येचा हाये.” त्यानं दम घेतला. “उद्या हितं चूल मांड. मह्या समोर. कैरीचा तक्कू कर, भरीत कर. आन् मह्या समोर बसून खा.”

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या कोपऱ्यात चूल आली. सोनूबाईनं वांगी निखाऱ्यावर टाकली. साल काळी पडून फुटली, आतलं पाणी निखाऱ्यावर पडून चर्र झालं, तसा कडूबा उशीवर थोडा वर सरकला. कैरी किसली, कांदा बारीक चिरला, गूळ फोडला, तिखट-मीठ घातलं. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंगाचा वास उठला. त्यानं डोळे मिटले. नाकपुड्या हलत होत्या. बायको हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिली, आणि फोडणी करपायला आली तेव्हा त्यानंच बोटानं खूण केली, ओत.

मग ताटं झाली. मच्छिंद्रानं भाकरीचा तुकडा मोडला, भरिताला लावला आणि तोंडाजवळ नेऊन पुन्हा ताटात ठेवला. “मला न्हाई जमायचं,” म्हणून उठला आणि बैलं सोडायच्या निमित्तानं निघून गेला. बेबीनंदा पदराचा बोळा तोंडात धरून आत गेली. उरली सोनूबाई. तिलाही उठावंसं वाटलं. पण तो बघत होता. तिनं घास घेतला, चावला, पुन्हा चावला. घशात उतरेना. उतरवला.

“कसं झालंय?” त्यानं विचारलं.

“चांगलं झालंय.”

“चांगलं म्हंजी?”

खरं तर तिला चव कळतच नव्हती. तोंडात माती आहे की वांगं, इतकंही कळत नव्हतं. पण त्याला ते सांगून चालणार नव्हतं. म्हणून तिनं दुसरा घास घेतला आणि लक्ष देऊन चावला. कैरी आंबट होती, गूळ जरा कमी पडला होता, वांग्याला धुराचा वास बराबर बसला होता. तिनं तसं सांगितलं. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि त्याचा कंठ रिकामाच वर-खाली होत होता. ते तिनं पाहिलं आणि पुन्हा ताटात बघितलं.

शेवटी त्यानं जीभ बाहेर काढली. तिला समजलं. बोटावर तक्कूचा थेंबभर रस घेऊन तिनं जिभेला लावला. जीभ आत गेली, आणि दुसऱ्या क्षणाला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. सोनूबाईनं त्याला पोटाशी धरून पाठ चोळली. मच्छिंद्र गोठ्यातून पळत आला. बापाचा श्वास बसल्यावर तो आईला म्हणाला, “माय, तूच मारशील त्येन्ला.” आणि चूल पायानं उधळून गेला.

द्यावं तर जीव जातो, न द्यावं तर माणूस आतून जातो. तिनं ओसरी सारवून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठ्यात रांधलं. कडूबा भिंतीकडं तोंड करून पडला. दुधाचा चमचा नेला तर दात मिटून घेतले. संध्याकाळी तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. सोनूबाईनं विनवलं, कांताबाईनं विनवलं. मच्छिंद्र खाटेच्या कडंला बसून दादा, दादा करत राहिला. भिंतीकडचं तोंड काही फिरलं नाही.

दुपारी मच्छिंद्र उठून रानात गेला. तासाभरानं आला तो धोतराच्या ओच्यात कैऱ्या, काकड्या घेऊन. त्यानं त्या आईपुढं ठेवल्या, विखुरलेले दगड गोळा करून चूल मांडली आणि राखेचं एक घमेलं भरून बापाच्या खाटेशी आणून ठेवलं. गिळायचं नाही, जिभेवर घोळवायचं आणि राखेत थुंकायचं, असं त्यानं बापाला सांगितलं. सांगताना त्याचा आवाज लहान पोराला समजवावं तसा झाला होता. कडूबानं तोंड फिरवलं.

मग वैशाख तसाच गेला. काकडी किसून, पाणी पिळून, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. गवार तव्यावर तेलात खरपूस. कैरीचं सार, कांद्याची पात, हिरव्या मिरचीचा ठेचा. रोज एक काहीतरी. त्याच्या जिभेवर नखभर ठेवायचं, तो घोळवायचा, डोळे मिटायचा आणि मग घमेल्यात थुंकायचा. थुंकताना दर वेळेला थोडा थांबायचा. सोनूबाई तेव्हा दुसरीकडं बघायची. घर पुन्हा समोर बसून जेवायला लागलं. मच्छिंद्र मान खाली घालून जेवायचा, पण ताट सोडायचा नाही. कडूबाचं शरीर मात्र उतरतच होतं. हातावरची कातडी सैल पडली, गालाला खड्डे पडले. तिनं कितीही छान रांधलं तरी त्यातला कण त्याच्या अंगी लागणार नव्हता, हे रांधताना तिला समजत होतं, आणि तरी ती मीठ चाखून बघत होती.

ज्येष्ठ लागता लागता विहिरीचा तळ दिसायला लागला. काकडीचे वेल वाळले. गवार सरली. वांग्याची चार-दोन झाडं उरली होती, त्यांना सुपारीएवढी वांगी. कडूबाची जीभही आता हलत नव्हती. जिभेवर ठेवलेलं कडंनं ओघळायचं. तोंडानं बोलणं बंदच झालं होतं. तो फक्त बघायचा.

त्या दुपारी मच्छिंद्र परतूरला बाजाराला गेला होता. बेबीनंदा मागं धुणं धूत होती. सोनूबाईनं शेवटची वांगी भाजली, भाकर टाकली, लसणाची फोडणी दिली आणि त्याच्यासमोर ताट घेऊन बसली. बाहेर झळा होत्या, पत्र्यावर कावळ्याची नखं वाजत होती. तो भुवया उचलून विचारत होता.

“वांगं जून झालंय,” ती सांगायला लागली. “बिया लागत्यात दाताला. थोडं कडवट हाये. पर लसूण बराबर हाये. मिरची तुमच्याच झाडाची, वाळवून ठेवल्ती, तिचा झणका तसाच हाये.”

त्याच्याकडं बघत तिला खाता यायचं नाही, म्हणून ती ताटाकडं बघत बोलायची आणि मधूनच मान वर करायची. तिनं मोठा घास केला, तोंडात घातला आणि पुढचं सांगायला मान वर केली. तो बघत होता तसाच, पण तिच्याकडं नाही.

तिला कळलं. घास तोंडात तसाच होता. बाहेर धुण्याचा धपधप आवाज येत होता. ती चावायला लागली. सावकाश, बारीक, पार पाणी होईपर्यंत चावला तो घास तिनं, आणि गिळला. मग ताटातला उरलेला तुकडाही भरिताला लावून खाल्ला. ताटात हात धुतला.

त्याच ओल्या हातानं तिनं त्याचे डोळे मिटले, आणि मग सुनेला हाक मारली.