आठवा ड्रम

कमळाकर भोईरचं पोट ड्रमाच्या तोंडाशीच अडकायचं, म्हणून भिमाबाईला बोलवावं लागलं. मुरघास करायचा तर हिरवा चारा बारीक कापून ड्रमात भरायचा आणि आत उतरून असा तुडवायचा, की हवेला जागाच उरू नये. हवा राहिली की बुरशी आलीच. भिमाबाई अंगाने काटकुळी. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या वाडीवरून यायची, लुगड्याचा काचा मारून ड्रमात उतरायची आणि गुडघाभर चाऱ्यात नाचल्यासारखी तुडवत राहायची.

चिखलोलीत जिथे कमळाकरच्या म्हशी चरायच्या, तिथे आता राहत्या इमारतींचे टॉवर उभे होते. टॉवरवाल्यांना दूध हवं, पण गवत कुठून आणणार? म्हणून उरल्यासुरल्या जमिनीत त्याने मका, हत्तीगवत आणि चवळी लावली होती. उन्हाळ्यासाठी तिन्ही एकत्र मुरवून ठेवायचं होतं. ड्रम त्याने उल्हासनगरला कॅम्प पाचमधून जुने आणले. दुकानदाराने चोख सांगितलं होतं, "सात खाने के तेल के हैं. ये आठवा केमिकल कंपनी का है, ऐसेही ले जाओ. पर खाने का कुछ मत डालना इसमें."

फुकटात आलेला ड्रम रिकामा ठेवायला कमळाकरचा जीव होईना. साबणाने तीनदा घासला, तीन दिवस उन्हात पालथा घातला. नाक आत घातलं तर रंगासारखा बारीक वास यायचाच. "जाईल मुरताना," असं स्वतःलाच सांगून त्याने तोही भरला.

काम संपल्यावर भिमाबाईने मजुरीसोबत एक ड्रम मागितला. तिची गाय चांदी पहिल्यांदाच गाभण होती आणि उन्हाळ्यात डोंगरावर काडीही मिळत नाही. कमळाकरने आठवा ड्रम टेम्पोत चढवला. गडबडीत हाताला लागला तो दिला, असं तो नंतर मनाशी म्हणायचा. साफ खोटं! आठही ड्रमांवरून नजर फिरवून, शोधून दिला होता त्याने.

दोन महिन्यांनी टेम्पोवाला साईनाथ बातमी घेऊन आला. भिमाबाईची गाय गेली. मुरघास खाल्ला, दुसऱ्या दिवसापासून थरथरायला लागली, चौथ्या दिवशी पोटातल्या वासरासकट आडवी झाली.

गायीला साप चावला असेल, काही भलतंसलतं खाल्लं असेल, असल्या शंभर सबबी कमळाकरने शोधल्या. एकही टिकली नाही. वाडीवर जायला हवं होतं, पण पाय निघत नव्हता. कोणत्या तोंडाने जाणार?

गाय गेल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी भिमाबाईच दारात उभी राहिली. उन्हातून चालत आलेली, ओठ सुकलेले. आता ही तळतळाट देणार, म्हणून कमळाकर मान खाली घालून तयारच राहिला.

"दादा, तुमी तुमचे ड्रम उघारले तं नाय ना?"

"नाय अजून."

"उघारू नका. माझ्या पायांनी घात केला. तुडवताना कुठंतरी हवा रायली. तुमच्या ड्रमात पन मीच उतरले व्हते. माझी गेली ती गेली, तुमच्या म्हशी तरी वाचू दे."

एवढं सांगायला ती डोंगर उतरून आली होती. कमळाकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. पण भ्याड माणूस हाताला काम शोधतो. "बघू तरी," असं पुटपुटत त्याने एका ड्रमाची कडी सैल केली.

झाकण निघालं आणि ताकासारखा आंबूस-गोड वास गोठ्यात पसरला. भिमाबाईने मूठभर चारा घेतला, दाबला, हुंगला, जिभेवर ठेवून बघितला. दुसराही ड्रम उघडायला लावला. तोही तसाच. तिचा चेहरा उजळला. "ब्येस झालाय वो! माझा जीव टांगनीला लागला व्हता."

ती त्याच्यासाठी खूश झाली होती. मग हळूहळू तिच्या कपाळावर आठी चढली.

"चारा येकच. दिवस येकच. पाय पन माझेच. मंग माझ्याच ड्रमात काय जालं?"

आता पळायला जागा नव्हती. "तुझ्या पायांचा दोष नाय, भिमाबाय," कमळाकर म्हणाला. "ड्रमच वंगाळ व्हता. कंपनीचा."

"कवा कललं तुमाला?"

"भरायच्या आदी."

"मंग तुमच्या म्हशींना का नाय घातला?"

"मरतील म्हनून."

स्वतःचे शब्द कानावर पडले तसा कमळाकर ड्रमाशेजारी खाली बसला. "पाच दिस मी सुनेला सांगतंय, मीच मारली चांदीला," एवढंच भिमाबाई बोलली.

"माझी म्हैस घेऊन जा," कमळाकर घाईघाईने म्हणाला. "ती बघ, ती घे." आणि त्याने बोट दाखवलं ते दावणीच्या टोकाला बांधलेल्या, दूध आटलेल्या म्हाताऱ्या म्हशीकडे.

भिमाबाईने त्या बोटाकडे पाहिलं. कमळाकरनेही पाहिलं आणि शरमेने हात मागे घेतला.

"या खेपेला मी निवडीन," ती म्हणाली.

दावणीवरून ती सावकाश चालत गेली. प्रत्येक म्हशीच्या पाठीवर हात फिरवत, कास बघत. सगळ्यात दुभत्या म्हशीपाशी थांबली. गाठ घट्ट बसली होती, तिला सुटेना. कमळाकर उठला आणि त्याने ती सोडून दिली.