तीच काच

बाबांच्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या उंच खुर्चीत बसलं की भलेभले होयबा होतात. काच बदलून बाबा विचारणार, "आता बरं दिसतंय, की आधी?" भिडस्त गिऱ्हाईक दोन्हींना छान म्हणणार आणि महिन्याभरात डोकं धरून परत येणार. म्हणून बाबांनी एक युक्ती काढली होती. मध्येच तीच काच पुन्हा घालायची. "आता जास्त स्पष्ट" असं कुणी म्हणालं, की समजायचं, हा आपलं मन राखतोय.

त्यांची सतरा वर्षांची लेक तर या होयबांची महाराणी. तीच काच तिला तीनदा छान वाटायची.

सहा महिन्यांपूर्वी तिनं अंथरूण धरलं. कॉलेज सुटलं, बोलणं सुटलं. मनाच्या डॉक्टरबाईंनी तिला तिच्या वयाच्या मुलामुलींच्या गटात बोलायला बसवलं. दर आठवड्याला एक फॉर्म असे, 'आज कसं वाटलं?' लेक न चुकता 'छान' लिहायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

आज डॉक्टरबाईंनी फॉर्मचा गठ्ठा चाळला आणि त्या हसून म्हणाल्या, "उत्तम! आता उपचार थांबवायला हरकत नाही."

बाबा दचकले. उपचार थांबवले, तर पोर कायमची त्या भिंतीकडे वळणार. "अहो, तिला..." त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गिऱ्हाइकाचं उत्तर आपण कधी देतो का? ते लेकीकडे वळले.

"काय गं, 'नाही दिसत' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर मी कधी चिडलोय?"

"नाही."

"मग?"

लेकीनं ओढणीचं टोक पिळलं.

"गटात माझी पाळी येईपर्यंत मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "नुसती धडधड. सगळे इतके चांगले वागतात, की नको म्हणायची लाज वाटते. मला एकटीला बोलायचंय. आधी वहीत लिहून आणीन."

डॉक्टरबाईंनी गठ्ठा बाजूला सारला. "चुकलं आमचं. कागदालाच विचारत बसलो. सोमवारी वही घेऊन एकटी ये."

"आणि तेही नाही जमलं तर?"

"तर सांग. पुन्हा बदलू."

बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाहेर बाकावरच्या अनोळखी बाईंना ते म्हणाले, "माझी मुलगी आज डॉक्टरांना नाही म्हणाली!" बाई बिचाऱ्या घाबरून सरकून बसल्या.

वह्या भरत गेल्या. तीन वह्यांनंतर, कॉलेजातून परतताना, लेक दुकानात आली. फळ्यावरचं धूसर दिसतंय म्हणाली आणि उंच खुर्चीत बसली. बाबांनी दोन काचा बदलल्या. तिसऱ्यांदा, सवयीनं, तीच पुन्हा घातली.

"आता?"

लेकीनं डोळे बारीक केले.

"बाबा, तीच काच आहे. मला काय गिऱ्हाईक समजलास?"

बाबांना पुढची काच काही केल्या दिसेना.