झुरळांचं विरजण

सगुणा लग्न होऊन पेणजवळच्या त्या खाडीकाठच्या गावात आली, तेव्हा घरात माणसं दोनच होती, ती आणि सासरा येसाजी. सासू केव्हाच वारलेली. नवरा अनंता मुंबईला गोदीत कामाला. तो यायचा शिमग्याला आणि गणपतीला. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलू नये अशी त्या घरातली रीत. पण दोघांच्याच घरात मध्ये निरोप्या कोण असणार? येसाजीनं ते काम भोरी गाईवर सोपवलं होतं. "भोरे, आज मिठागरावर लवकर जायचं हाय," असं तो गोठ्यात मोठ्यानं सांगे, की इकडं सगुणा भाकरी थापायला घेई. तिला काही सांगायचं असलं की ती दाराच्या चौकटीला सांगे. तेल संपलंय, कौल सरकलंय. येसाजी ते ऐके आणि मुकाट्यानं कौल सरळ करी. भांडण नाही, तंटा नाही, पण बोलणंही नाही.

गोठ्याच्या कोपऱ्यात काठ फुटलेला एक जुना रांजण होता, तोंडाला फडकं बांधलेला. सगुणाला वाटलं, आत सुकी मासळी असेल. एके दुपारी तिनं फडकं सोडलं आणि आत डोकावली. नारळाच्या सोडणांवर झुरळंच झुरळं. ती जी पळाली ती थेट अंगणाच्या टोकाला जाऊन थांबली. येसाजीनं शांतपणे फडकं बांधलं आणि भोरीला समजावून सांगितलं, की रांजणाच्या काठाला आतून खोबरेल लावलेलं असतं, त्यामुळं पाय घसरतात आणि एकही झुरळ वर येत नाही. शिवाय ती उगाच पाळलेली नाहीत, ते मुकादमाचं जेवण आहे.

मुकादम म्हणजे बेडूक. पाण्याच्या माठांखाली ओल असते तिथं तो राही. खरखरीत अंगाचा, मुठीत मावणार नाही एवढा. मिठागरात मीठ ओढताना येसाजीच्याच फावड्याखाली त्याचा मागचा पाय चेंगरला होता. खाऱ्या पाण्यानं अंग भाजून निघालेलं. येसाजीनं त्याला ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं आणि गोड्या पाण्यानं धुतलं. जीव वाचला, पण पाय गेला. भक्ष्यामागं धावणं त्याला जमेना. रोज आढ्यावरून झुरळं किती शोधणार, म्हणून येसाजीनं ती रांजणात वाढवायला घेतली. आणि हा एका जागी बसून सगळ्यांच्या कामाकडं बघत राहतो म्हणून त्याला मिठागरावरच्या मुकादमाचं नाव दिलं.

दिवाळीनंतर येसाजीला दिसेनासं झालं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अनंतानं मुंबईच्या इस्पितळात सोय केली. ऑपरेशन, मग पट्टी, मग चष्मा, म्हणजे दोन महिने तरी सहज जाणार. निघायच्या आदल्या संध्याकाळी येसाजी गोठ्यात उभा राहून भोरीला सांगू लागला, की मी नसताना मुकादमाचं असं असं करायचं. पण सांगायचं इतकं होतं की त्याचाच गोंधळ उडाला. तो थांबला आणि माजघराच्या दिशेनं वळला.

"सगुणा, हे गाईला सांगून भागायचं न्हाय. तू इकडं ये."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती. ती पदर पुढं ओढून गेली आणि ऐकत उभी राहिली. रांजणात झुरळांना कोंडा घालायचा, केळ्याच्या साली घालायच्या, कधीमधी गुळाचा खडा. पाणी ओतायचं नाही, ओली चिंधी ठेवायची.

"आणि मागं चवळीएवढी डबी घेऊन हिंडते ना, ती मादी. तिच्यात अंडी असतात. ती मुकादमाला कधी द्यायची न्हाय."

सगुणानं मान हलवली. नाही कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी तिनं चुलीचा चिमटा घेतला, अर्धे डोळे मिटले आणि कसंबसं एक झुरळ मुकादमाच्या जेवणाच्या घमेल्यात टाकलं. मुकादम आत बसलाच होता. तो हलेना. मग काहीतरी चमकल्यासारखं झालं आणि झुरळ नाहीसं झालं. पुढचं तर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. गिळताना त्याचे दोन्ही डोळे आत ओढले गेले, कडू काढा पिणाऱ्या म्हाताऱ्यासारखे. रिकाम्या घरात सगुणा एकटीच मोठ्यानं हसली. दुसऱ्या दिवशी ते डोळे बघायला म्हणूनच ती लवकर गेली. आठवड्याभरात चिमटा सुटला. भात रटरटत असताना ती मुकादमाला गावातल्या बातम्या सांगू लागली.

आणि एका सकाळी रांजणाच्या पोटावरून तांबड्या मुंग्यांची रांग चढताना दिसली. फडकं सोडून बघते, तर आत नुसते पंख आणि टरफलं. सगुणा तिथंच बसून रडली. घरात शोधावं तर झुरळ मिळेना. आल्यापासून तिनंच तर केरसुणी घेऊन कानाकोपरा झाडून काढला होता. मुकादम घमेल्यात बसून वाट बघत होता.

शेवटी तिनं वाटी घेतली आणि शेजारच्या मनुबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. मनुबाई गावातली सगळ्यांत तिखट जिभेची बाई.

"काय पाहिजे?"

"तुमच्याकडं झुरळं असली तर थोडी द्या."

मनुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशाला गं?"

"विरजणाला," सगुणा म्हणाली. दुसरा शब्दच तिला सुचला नाही. "आमची संपली."

मनुबाई खाली बसली आणि पोट धरून हसली. मग सगळं ऐकून घेतल्यावर उठली, दिवा घेऊन फडताळाच्या मागं शिरली आणि चांगली सहा-सात धरून आणली. वर म्हणाली, की माझी झुरळं खात्यापित्या घरची आहेत, धष्टपुष्ट निघतील.

विहिरीवर ही गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागणार! संध्याकाळी बाया येऊ लागल्या. कुणी करवंटीवर पान दाबून आणली, कुणी काडेपेटीत आणली. सोनूबाईचा नवरा पेणला पावाच्या भट्टीवर होता. तो डबाभर घेऊन आला. आता मुंग्यांचं काय करायचं, तर लोणच्याच्या बरणीचं करतात तेच: सगुणानं पसरट कुंड्यात पाणी ओतलं, मध्ये दगड मांडला आणि त्यावर रांजण ठेवला. थंडी होती म्हणून सगळं चुलीच्या भिंतीशी आणलं.

झुरळं दिली त्यांना मुकादमाचं जेवण बघायचा हक्क आपोआप मिळाला. दिवस मावळायच्या आत कामं उरकून बाया ओटीवर जमत. घमेलं मध्ये. झुरळ पडलं की सगळ्या गप्प. जीभ कुणालाच दिसत नसे, तरी प्रत्येकीला वाटे की आपल्याला दिसली. आणि त्यानं डोळे आत ओढले की जो हशा उठे, तो पार बांधापर्यंत ऐकू जाई. महिन्याभरात चिंधीखाली भाताच्या दाण्याएवढी पिल्लं दिसली, तेव्हा सगुणानं घरोघरी गूळ वाटला.

शिमग्याच्या तोंडावर येसाजी आला. बरोबर अनंता होता. एस.टी. फाट्यावर सोडून गेली आणि दोघं शेतातून चालत आले, ते ओटीवर हीऽ गर्दी. नाकावर जाड चष्मा लावलेल्या येसाजीला पाहून बाया पदर सावरत मागच्या दारानं पांगल्या. अनंताला वाटलं घरात काही बरंवाईट झालं. येसाजी मात्र आत जाऊन रांजणापुढं उभा राहिला. पाणी पाहिलं, दगड पाहिला, फडकं सोडून आत पाहिलं.

"हा पाण्यात कुणी ठेवला?"

गाय गोठ्यात होती. सगुणा समोर होती.

"मी ठेवला, मामा. तुमची सगळी झुरळं मुंग्यांनी खाल्ली. ही गावाची हायत."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, रडल्याचं, वाटी घेऊन गेल्याचं, विरजणाचं. विरजण ऐकून येसाजीला असं हसू फुटलं की नवा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डॉक्टरांनी हसायला मना केलं आहे, असं अनंता बजावत होता. कुणी लक्ष दिलं नाही. मग येसाजी घमेल्याशी उकिडवा बसला आणि चष्मा नाकावर नीट बसवून बराच वेळ मुकादमाकडं बघत राहिला.

"ह्याच्या डोळ्यात सोनेरी कडं हाय गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, नुसता मातीचाच रंग."

"मीही परवाच पाहिलं," सगुणा म्हणाली, आणि दिवा जवळ धरला.

दोघं बोलत बसली. रांजण आता लहान पडतो, दुसरा कुंभाराकडून आणायचा का. पिल्लं वेगळी ठेवावीत का. पाववाल्याच्या झुरळांना कोंडा चालतो का. अनंता हातातली पिशवी तशीच धरून दारात उभा होता. आपला बाप आणि आपली बायको इतकं बोलतात हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. जेवायचं काय, असं त्यानं दोनदा विचारलं.

"वाढते," सगुणा म्हणाली. "तोवर परसात जा आणि पिकलेली दोन केळी काढून आणा. तुम्ही केळी खा. साली मला द्या."