कढीपत्त्यावरचा दिवा

मी रिंगलाइट बोलतोय. व्हिडिओ करताना चेहऱ्यासमोर उभा करतात ना, बांगडीसारखा गोल दिवा, तोच मी. बोलावं की नाही, याचा बरेच दिवस विचार करत होतो. माझी साक्ष कितपत खरी धरावी, हे मलाच कळत नाही.

ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात अनुराधाताईंनी मला ऑफिसच्या मीटिंगसाठी आणलं. महिन्याभरात त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीनं, जुईनं, मला स्वतःच्या खोलीत नेलं. तिचा सावळा, हसरा चेहरा आणि मधोमध आजीवर गेलेलं बाकदार नाक.

पुढे फोनमधला फिल्टर ते नाक सरळ करू लागला, रंग उजळू लागला. त्या चेहऱ्याला हीप्स, म्हणजे ढीगभर, लाइक्स यायचे. मग जुई आरशासमोर बोटांनी नाक दाबून बसू लागली. वर्गाच्या फोटोच्या दिवशी नेमकं तिचं पोट दुखलं. नाक फोननं बदललं, मी नाही. पण उजेड माझाच होता ना?

चौदाव्या वाढदिवशी, शाळा सुटल्यावर, पुण्याहून आजीचा व्हिडिओ कॉल आला. दरवर्षी आजी तिकडे निरांजन लावून फोनलाच ओवाळते. इकडे जुई पाटावर बसते. त्या दिवशी जुईनं फिल्टर काढलाच नाही.

निरांजन अर्ध्यावर थांबलं.

"अनुराधा, ही कुणाची मुलगी? जुईला बसव की गं!"

"आजी, इट्स मी!"

"आवाज तुझाच. मग नाक कुठं ठेवलंस?"

जुईचे डोळे भरले. "आय हेट इट. एव्हरीवन लाइक्स मी लाइक धिस."

आजीनं तबक खाली ठेवलं. म्हणाली, "स्थळांना पाठवायच्या फोटोत फोटोवाल्यानं माझं नाक पेन्सिलीनं सरळ केलं होतं. तुझे आजोबा बघायला आले आणि दारातच विचारते झाले, 'फोटोतली मुलगी कुठंय?' लग्न झालं, संसार झाला, पण ते वाक्य अजून टोचतं. आणि आज मी तुला तेच विचारलं बघ. चुकलं माझं."

"देन व्हॉट डिड यू से?"

"काय बोलणार? चहा दिला."

जुई खुदकन हसली. फिल्टर बंद केला आणि पटकन नाकावर हात ठेवला. आजीनं घाई केली नाही. वात बारीक झाली, तिनं तूप घातलं. हात हळूहळू खाली आला. मग आजीनं ओवाळलं.

जुई अजून व्हिडिओ करते. कधी फिल्टर लावते, कधी नाही. सगळं ठीक झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. माझ्या स्टँडचा एक पाय मोडला, तेव्हापासून मी स्वयंपाकघरात कढीपत्त्याच्या कुंडीवर वाकून असतो. ऑकलंडच्या हिवाळ्यात त्याला उजेड लागतो. पानं खुडायला जुई वाकली की भिंतीवर तिच्या नाकाची बाकदार सावली पडते. काल ती सावलीकडे बघत क्षणभर थांबली होती.

मुलांसमोर माझ्यासारखा दिवा लावाल, तेव्हा आधी तुम्ही त्यांचा चेहरा डोळे भरून बघून घ्या. मला नुसता उजेड पाडता येतो. ओवाळता येत नाही.