वर्षाला हाक ऐकू जाते का?

भेस्तानमधल्या धुडकू पाटलांच्या घरात बोलणं कमी, हातवारे जास्त. धुडकूंनी पस्तीस वर्षं कापड कारखान्यातल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढली. मुलगा गजेंद्रही त्याच खात्यात. लूमच्या खडखडाटात तोंडाचा उपयोग शून्य! म्हणून घरीसुद्धा दोन बोटं वर म्हणजे चहा, मूठ फिरवली म्हणजे दार लाव, आणि फारच तातडीचं असेल तर गल्ली हादरेल अशी आरोळी.

अडीच वर्षांची नात वर्षा हे सगळं शिकली होती. आजोबांनी बोटं दाखवली की कप घेऊन धावायची. "काय हुशार पोर!" सगळे म्हणायचे. बोलत मात्र काहीच नव्हती. तिची आई नूतन मनात म्हणायची, कुकरची शिट्टी झाली तरी ही दचकत कशी नाही?

सासूबाई मालतीबाईंचं उत्तर तयार असे. "तिना बाप बी चार वरीसना व्हयना तवय बोलना. आन पोर उशिरा बोलनी ते काय बिघडनं? सासरले तोंड कमी चाली!" श्रावणात कानबाईच्या पूजेचे रोट होऊ देत, मग बघू, असं म्हणत दोन श्रावण गेले.

एके दिवशी आरोग्य केंद्रातली आशाबेन योगिता मुलांना पोलिओचा डोस द्यायला आली. वर्षा बोलणाऱ्याच्या ओठांकडेच बघते, हे तिनं हेरलं. थोड्या वेळानं नात आणि आजोबा दारात, रस्त्याकडे तोंड करून बसले. योगितानं ओट्यावरचं ताट उचललं आणि मागून पळीनं धाडकन वाजवलं.

समोरच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं. मालतीबाईंच्या हातातली मेथी सांडली. दारातली दोघं मात्र ढिम्म!

"काकू," योगिता म्हणाली, "गजूभाऊ उशिरा बोलले. पण हाक मारली की वळायचे?"

"वये ना! डबानं झाकन वाजनं तरी पयत ये..." मालतीबाईंनी दारातल्या वर्षाकडे वळून पाहिलं.

"मग? बोलणं एखाद्याला उशिरा येतं. ऐकणं जन्मापासून लागतं. भाषा मुरायची हीच वर्षं, आणि ती तुम्ही वाट बघण्यात घालवताय."

"कानले मशीन लावं ते लोक बहिरी म्हनतीन. लगीन कोन करी?"

"गजूभाऊंना चष्मा आहे. आंधळा म्हणून कुणी मुलगी द्यायचं टाळलं का?"

नूतनला त्याही स्थितीत हसू आलं.

धुडकूंना यातलं काहीच कळलं नव्हतं. नूतन त्यांच्यासमोर गेली. वर्षाकडे बोट केलं, स्वतःच्या कानावर हात ठेवला आणि ‘नाही’ असा पंजा हलवला. धुडकूंनी नातीला जवळ ओढलं.

"मना कान लूमनी खादात!" ते ओरडले, हळू बोलणं त्यांना जमतच नव्हतं. "ह्या पोरनं बोलनं आपुन खाई ऱ्हायनूत! उठा!"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात पोर घाबरू नये म्हणून तपासणीच्या खोलीत आधी धुडकूच जाऊन बसले. वर्षाला फार कमी ऐकू येत होतं. मशीननं आणि सरावानं बोलू लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आता रोज सकाळी तिच्या कानाला मशीन लावतात त्या मालतीबाई. परवा एका शेजारणीनं नाक मुरडून विचारलं, "पोर बहिरी शे का?"

"शे ना, म्हनीसन ते मशीन लावस! तुना नातू बोलस का अजून?"

शेजारणीनं नकारार्थी मान हलवली. संध्याकाळी मालतीबाईच तिला योगिताकडे घेऊन गेल्या.

मंडळी, ‘आमच्यात उशिराच बोलतात’ हा घराचा अंदाज झाला, तपासणी नव्हे. मूल बोलत नसेल, तर आधी त्याला ऐकू येतं का, ते बघून घ्या. वाट मोठी माणसं पाहतात. वय मात्र मुलाचं जातं!