डाव संपेपर्यंत

पिशवी भरून दाराशी ठेवली होती. बाबांच्या छातीत कळा येत होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना आजच भरती व्हायला सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "शेजारच्या देरेनिकबरोबरचा डाव संपला की निघू."

मी गाडीची किल्ली मुठीत घेऊन अंगणात, तुतीच्या झाडाखाली उभी राहिले. येरेवानच्या आमच्या अंगणात बघ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम बाबांचाच. आयुष्यभर शाळेत बुद्धिबळ शिकवत आलेला माणूस.

देरेनिककाकांचा राजा उघडा पडला होता. पुढे एक प्यादं नाही, बाजूला एक घोडा नाही.

"झावेन मास्तर, माझा राजा हवा खायला निघालाय," काका म्हणाले. "त्याला घरी पोचव रे, थंडी वाजेल."

"पोचवतो. शाल आण," बाबा म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. ऊन तर कधीच कलंडलं होतं.

राजा उघडा असला की आधी शह बघायचे, हे बाबांनी मला वाचायच्याही आधी शिकवलं होतं. समोरच्याला निवडायला जागा ठेवायची नाही. मी मोजलं. हत्ती द्यायचा, शह. तो मारण्यावाचून काकांना गत्यंतर नाही. मग घोड्याचा शह, राजाला एकच घर. मग वजीर, आणि मात. पुन्हा मोजलं. कुठेच फट नव्हती. पाच मिनिटांत आम्ही गाडीत असतो.

बाबांचा हात हत्तीकडे गेला. नजर त्या घोड्यावरून, त्या एकुलत्या घरावरून फिरली. मग त्यांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. हात मागे आला, आणि त्यांनी कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं.

"हे काय रे?" काका हसले. "म्हातारा झालास."

"घाई कसली आहे?" बाबा म्हणाले. "शूशान जान, अजून एक चहा टाकतेस?"

मी चहा टाकला. काकांचा राजा दोन प्याद्यांमागे जाऊन बसला आणि डाव रेंगाळत, दिवे लागायच्या सुमाराला बरोबरीत सुटला. हॉस्पिटलच्या रस्त्यावर, गाडीतच, बाबा गेले.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रीतीप्रमाणे कबरीवर धूप जाळायला गेलो. काका टोपी हातात घेऊन उभे होते.

"एक विचारू, पोरी? रात्रभर डोळ्यासमोर तोच पट आहे. हत्ती दिला असता तर मी संपलो होतो. झावेनला दिसलं नाही? झावेनला?"

"दिसलं होतं, काका."

ते टोपी घालून फाटकाकडे चालू लागले. निखाऱ्यावरचा धूप विझत आला होता, त्यावर मी फुंकर मारली.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला भीती वाटत होती. मला तेव्हाच कळलं होतं. मलाही वाटत होती."