इंग्रजीचा अर्धा तास

सिद्धूनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणाला,

"आय क्विकली रिपेअर्ड द मोटार."

चुलीपुढं बसलेल्या सारजानं तव्यावरची भाकरी उलथली. तिनंही भिंतीलाच सांगितलं,

"आय स्लोली क्लीन्ड द ज्वारी."

दाराशी बसलेले आबा मान डोलवत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. पण कन्हेरीसारख्या खेड्यात आपल्या घरात लेक आणि सून इंग्रजी बोलतात, याचा अभिमान त्यांच्या मिशीत मावत नव्हता. सिद्धूची आई साखरबाई कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या.

बारामतीला एमआयडीसीत नवी कंपनी आली होती. तिथं सुपरवायझरची जागा निघाली आणि मुलाखत इंग्रजीत होती. क्लासच्या सरांनी सिद्धूला सांगितलं होतं, दिवसभरात जे केलं ते संध्याकाळी इंग्रजीत बोलायचं. नुसतं 'मी केलं' नको. क्रियापदाच्या आधी एक शब्द घालायचा. घाईनं केलं, नुकतंच केलं, कधीच केलं नाही. नाहीतर दवंडी दिल्यासारखं वाटतं. बोलायला जोडीदार हवा, आणि घरात बारावी झालेली एकटी सारजा. आबांनीच फर्मान काढलं, "बोला दोघं. लाजू नगा."

आपण केवढी मोठी परवानगी देऊन बसलो, हे आबांना ठाऊक नव्हतं. थोरल्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. सिद्धूला पाणी हवं असलं तर तो आईला सांगे आणि आई सारजाला. खोलीत गेल्यावरही कुडापलीकडं आबांचा खोकला ऐकू येई, मग बोलणं तिथंच खुंटायचं.

सुरुवातीची वाक्यं मोटारीची आणि ज्वारीची. पण तो आधीचा एक शब्द मोठा चिवट होता. काम सांगून भागत नसे, ते कसं केलं तेही सांगावं लागे. आणि कसं ते सांगायला लागलं की मनातलं थोडं बाहेर यायचंच. एका संध्याकाळी सारजा पीठ मळता मळता म्हणाली,

"आय नियरली क्राइड."

अगदी रडायच्या बेतात होते. सिद्धूचा घास हातातच राहिला.

"व्हाय?"

फाट्यावर भिगवणची एसटी उभी होती, कंडक्टर डाळजचं नाव घेऊन ओरडत होता आणि डाळज म्हणजे तिचं माहेर, एवढं तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सिद्धूनं हातातला घास ताटात ठेवला आणि भिंतीकडं बघितलं.

"आय नेव्हर आस्क्ड," तो म्हणाला. मी कधी विचारलंच नाही.

"काय म्हनलास रं?" आबांनी विचारलं.

"मोटारीचंच, आबा."

सारजानं पदरात हसू दाबलं. त्या दिवसापासून सकाळी भांडी घासतानाच ती संध्याकाळच्या वाक्यांची जुळवाजुळव करू लागली. दिवसातला तेवढा अर्धा तास तिच्या हक्काचा झाला होता.

मुलाखत झाली. सिद्धू तिथंही भिंतीकडं बघूनच बोलला, तेव्हा साहेबांनी मागं वळून भिंतीवर काय आहे ते पाहिलं म्हणे. तरी जागा मिळाली. आबांनी आळीभर पेढे वाटले. सारजानं पेढा तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला नोकरी लागली आणि आपल्याला वाईट वाटतंय, याची तिला लाज वाटली. पण वाटायचं ते वाटतच राहिलं.

त्या संध्याकाळी सिद्धू जेवायला बसला. सवयीनं त्यानं भिंतीकडं बघितलं आणि मग मान खाली घातली.

"आई, कालवण वाढायला सांग."

सारजानं वाढलं. दिवसभर जुळवलेलं वाक्य तिनं तसंच गिळलं.

साखरबाईंनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "आज इंग्रजी न्हाय व्हय?"

"नोकरी लागली की आता, आई."

"लागली म्हनून बोलनं बंद?"

"आगं, काम झालं त्याचं," आबा म्हणाले. "आता कशाला ती कटकट?"

"मला त्यातलं काय बी कळत न्हाय. पर पोरगी दिसभरात तेवढ्याच येळेला हसती, ते दिसतं मला." साखरबाईंनी टरफलं झटकली आणि त्या उठल्या. "चला, भायेर बसू."

"आगं, पर..."

"उठा म्हन्ते न्हवं."

आबा उठले. बाहेर अंगणात बाज ओढल्याचा आवाज आला. दार साखरबाईंनीच लोटून घेतलं.

आत दोघंच राहिले. आता मराठीत बोलायलाही कुणाची आडकाठी नव्हती, आणि नेमकं त्यामुळंच दोघांना काही सुचेना. सिद्धूनं पाण्याचा तांब्या इकडचा तिकडं केला. सारजा चुलीतली लाकडं मागं ओढत राहिली.

"तू जेवलीस?" अखेर त्यानं विचारलं.

"न्हाय आजून."

"मग बस की हितंच."

तिनं थोडं घुटमळून ताट घेतलं आणि त्याच्यासमोर बसली. बाहेर बाज करकरली. मग आबा खाकरले.

"आज कॅनॉलवर तात्याबा भेटला व्हता."

आईला दिवसभरातलं काही सांगताना सिद्धूनं आबांना कधी ऐकलं नव्हतं.

"मग?" साखरबाईंनी विचारलं.